शाहूपुरीतली पाटी नसलेली मेस, बाहेरगावाहून चर्चच्या सेवेला येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात चर्चच्या कामाला, म्हणजे व्हॉलंटियर म्हणून काही महिने किंवा वर्षभर राहायला येणार असाल तर खोलीचं नंतर बघा, आधी मेस बघा. खोली मिळते हो. चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी वरची रूम देतं, नाहीतर पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, ओळखीनं कुठंतरी सोय लावून देतात. पण दोन वेळच्या जेवणाचं काय? सुरुवातीला सगळे प्रेमानं जेवायला बोलवतात, आज यांच्याकडं उद्या त्यांच्याकडं, आणि ते खूप छानच वाटतं, पण रोज दुसऱ्याच्या घरी ताटावर बसायचं म्हणजे थोड्या दिवसांनी आपल्यालाच संकोच व्हायला लागतो, त्यात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग संपायला आठ वाजतात आणि मानधन एवढंच असतं की रोज हॉटेल परवडत नाही.

मी नगरची. तिकडनं महाराष्ट्र एक्सप्रेस सरळ कोल्हापूरपर्यंत येते त्यामुळं प्रवासाचा त्रास नाही, त्रास झाला तो जेवणाचा. आधी एका दुसऱ्या मेसमध्ये पैसे भरले होते, नाव लिहीत नाही, तिथं सकाळचीच आमटी रात्री पाणी घालून यायची आणि वर तेलाचा एवढा तवंग की घसा धरायचा. महिना संपला की सोडली. मग संडे स्कूलमधल्या एका मुलीच्या आईनं सांगितलं की शाहूपुरीत एक मावशी आहेत, पाटीबिटी काही नाही, पण जाऊन बघ. तेव्हापासून तिथंच जेवतेय, आणि आता आमच्याकडं जे कुणी नवीन येतं त्याला मी आधी तिथंच नेते.

जागा सांगायची तर स्टेशन आणि सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड, दोन्हीकडनं चालत जाण्यासारखी आहे. जुनं घर, पुढची खोली जेवणाची, चार टेबलं, भिंतीवर अंबाबाईचा आणि शाहू महाराजांचा फोटो, मागं स्वयंपाकघर आणि मधलं दार कायम उघडं, म्हणजे काय शिजतंय कसं शिजतंय सगळं दिसतं. मावशी आणि भाकरी करायला येणाऱ्या एक आजी अशा दोघी आत, काका वाढायला, आणि त्यांचा मुलगा डबे पोचवतो. जेवायला येणारी बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, काही बँकेतले बदलीवाले, एक-दोन एसटीचे कंडक्टर. मुली कमी. हे मुद्दाम लिहितेय कारण मी एकटी मुलगी म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच थबकले होते, तर मावशी आतूनच ओरडल्या, "ये की गं आत, थांबलीस का? इकडं माझ्याजवळ बस." आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं टेबल तेव्हापासून मुलींचंच झालंय, तिथं दुसरं कुणी बसलं तर काका उठवतात.

आता जेवण. साध्या दिवशी दोन भाज्या, एक सुकी एक पातळ, आमटी, भात, चपाती किंवा ज्वारीची भाकरी, खर्डा, कांदा, आणि दुपारी ताक. वांगं, दोडका, घेवडा, मटकी, आठवड्यातनं एकदा झुणका, एकदा अख्खा मसूर. आम्ही नगरकडचे बाजरीवाले, त्यामुळं ज्वारीची भाकरी रोज म्हटल्यावर मला जरा वेगळं वाटलं होतं, पण आजींची भाकरी एवढी पातळ आणि मऊ असते, आणि मुख्य म्हणजे तव्यावरनं सरळ ताटात येते. कुणाच्याच ताटात थंड भाकरी पडत नाही. यासाठी एकट्या आजी रात्री साडेनऊपर्यंत चुलीपुढनं हलत नाहीत, हे बघून मला खरंच त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

तिखट म्हणाल तर आहे, कोल्हापूर आहे, पण डोळ्यातनं पाणी काढणारं नाही. बाहेरच्या लोकांना वाटतं की कोल्हापुरी म्हणजे नुसती जाळ, आणि हायवेवरच्या हॉटेलांनी तसं करूनही ठेवलंय, लाल रंग आणि तेल ओतायचं की झालं कोल्हापुरी. घरची कांदा-लसूण चटणी वेगळी असते. मावशी उन्हाळ्यात वर्षाची चटणी एकदम करतात, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मग सुकं खोबरं, तीळ, धणे, भरपूर लसूण, तळलेला कांदा, आणि सगळं डंकावर कांडून आणायचं. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर अख्ख्या गल्लीला तो वास असतो आणि जेवायला बसलेले सगळे शिंकत असतात. ती चटणी असल्यामुळं आमटीला चव लागते, नुसतं तिखट लागत नाही. नवीन माणसाला पहिले आठ-दहा दिवस मावशी स्वतःच हात आखडता घेऊन वाढतात आणि दह्याची वाटी जास्तीची देतात, सांगावं लागत नाही.

बुधवार आणि रविवार मटण. शुक्रवार अंबाबाईचा म्हणून शाकाहारी, त्यात बदल नाही. मटणाच्या ताटात सुक्कं, तांबडा, पांढरा, भाकरी, भात आणि दहीकांदा. तांबडा सगळीकडं बरा मिळतो, मेस ओळखायची ती पांढऱ्यावरनं. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस-तीळ-काजूचं वाटण, आलं-लसूण, आणि फोडणीला लवंग, दालचिनी, मिरी, एवढंच, हळद नाही की लाल तिखट नाही. नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळी आली की तो फाटतो, म्हणून मावशी शेवटी गॅस बारीक करून स्वतः उभ्या राहतात, त्या वेळी कुणी हाक मारली तरी वळून बघत नाहीत. मोठ्या हॉटेलांत पांढरा दाट दिसावा म्हणून काय काय घालतात, इथं तो पातळच असतो, वाटीनं प्यायचा, आणि सर्दी झालेली असेल तर मिरीनं नाक मोकळं होतं. तांबडा-पांढरा दोन्ही पाहिजे तेवढा, रस्सा मोजून देणं कोल्हापुरात कमीपणाचं समजतात. मटणाचे तुकडे मात्र मोजून, आणि ते बरोबरच आहे, मटणाचा आजचा दर बघता.

आता जी गोष्ट आमच्यासारख्यांना कामाची आहे ती सांगते. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आमचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ, सुरू होतो तो राखेच्या बुधवारी, आणि बुधवार म्हणजे मेसमध्ये मटण. मी चाळीस दिवस मटण खात नाही, घरची पद्धत आहे. पहिल्या वर्षी सांगायला गेले की मावशी, आजपासून ईस्टरपर्यंत मला साधं ताट द्या, तर त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही, फक्त "अंडं चालतंय का? दूध-दही?" एवढं विचारून घेतलं, आणि नंतर दर बुधवारी माझ्यासाठी वेगळ्या कढईत भाजी. वेगळा चमचाही. त्यांच्या घरात नवरात्राचे नऊ दिवस आणि अख्खा श्रावण मांसाहार बंद असतो, मेसमध्येसुद्धा, धंद्याचा तोटा होतो तरी. म्हणून असेल कदाचित, उपवास म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. गुड फ्रायडेला आमची उपासना बारा ते तीन असते आणि दुपारची मेस अडीचला बंद होते, तर मी न सांगता ताट झाकून ठेवलेलं होतं, आणि वर "दिवसभर उपाशी हाईस, आधी लिंबू-पाणी घे" म्हणून. ईस्टरच्या रविवारी पहाटेची उपासना करून आम्ही तरुण संघाचे सगळे तिकडंच गेलो, तेव्हा पहिला पांढरा मला मिळाला.

जेवणाआधी मी डोळे मिटून प्रार्थना करते. बाकीच्या मेसमध्ये लोक बघतात, कधी कुणी कुजबुजतं, तेवढं चालायचंच. इथं काका माझे डोळे उघडेपर्यंत भाकरी ताटात टाकत नाहीत, तोवर दुसऱ्या टेबलाला वाढतात. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नाही.

कोल्हापूर शहरालाच बाहेरच्या पोरांना जेवू घालायची सवय आहे असं मला वाटतं आणि ते काही आजचं नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढली, मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, दसरा चौकात उभं राहिलं तर त्यातल्या काही इमारती अजून दिसतात. खेड्यातलं पोर शिकायला शहरात आलं तर त्याचं पोट आणि डोकं टेकायची जागा आधी बघायची, हा विचार तेव्हाचा. आमच्या चर्चची गोष्टही त्याच्याही आधीची आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी नगरला काम करून १८५२ मध्ये कोल्हापूरला आले, इथलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ ला इथंच कोल्हापुरात जन्मला, आणि पुढं १८८६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थी स्वयंसेवकांची जी मोठी चळवळ सुरू झाली तिच्या पुढच्या माणसांत तो होता. आम्ही व्हॉलंटियर म्हणवतो त्याचा एक धागा या शहरापर्यंत येतो, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं आणि कळलं तेव्हा फार भरून आलं. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "मग ते जेवत कुठं हुते?" आणि खरं सांगू, मी पाळकसाहेबांना जाऊन विचारलं तर त्यांनाही नाही सांगता आलं.

शहर समजून घ्यायचं तर त्यालाही मेसच बरी. राजारामपुरीत घर शोधायचं तर आधी गल्लीचा नंबर विचारायचा, पहिली की सातवी की बारावी, पत्ता त्यावरच चालतो. केएमटी, म्हणजे शहरातली बस, कुठनं पकडायची आणि कुठल्या मार्गावर रात्री आठनंतर गाडीची वाट बघत बसायचं नाही, हे मला कंडक्टरकाकांनी जेवता जेवता सांगितलं. भाजी घ्यायची तर लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात, फक्त आमची उपासनाही रविवारीच त्यामुळं ते काही जमत नाही. मिसळ खायला फडतरे किंवा बावडा, दोन्हीकडचे कट्टर लोक मेसमध्ये आहेत आणि वाद मिटलेला नाही, पण मिसळीबरोबर पाव न येता स्लाइस ब्रेड येतो हे आधी सांगून ठेवते, नवीन माणूस बघतच राहतो. आणि गंगावेशीला संध्याकाळी एकदा तरी जाऊन या, समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ दूध ग्लासात देतात, शहराच्या मध्यात.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण जून-जुलैमध्ये येणारे खूप असतात. इथं पावसाची बातमी फुटात सांगतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, आणि मेसमध्ये शिरल्या शिरल्या कुणीतरी आकडा सांगतंच. आकडा वाढायला लागला की मावशी तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे आणि गॅसची टाकी जास्तीची भरून ठेवतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद होता, २०२१ च्या जुलैत परत तेच. त्या दोन्ही वेळेला मेसच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं पण खालच्या बाजूला शिरलं होतं, घरं सोडून आलेली माणसं शाळांमधून राहिली होती, आणि मावशींनी मेस बंद ठेवून तिकडं भात-आमटीची पातेली पाठवली. मी तेव्हा इथं नव्हते, हे मला आमच्या मंडळीतल्या एका काकांनी सांगितलं, कारण चर्चमधनं कपडे आणि चादरी वाटायला गेलेल्या लोकांना तिथं आधीच त्यांची पातेली दिसली होती. मावशींना विचारलं तर "मी काय एकट्यानं केलो व्हय, सगळ्या गल्लीनं केलं" एवढंच म्हणून त्या कांदा चिरायला लागल्या.

ती दोन वर्षं सोडली तर पुराच्या आठवड्यात मेन्यू साधा होतो, बटाटा आणि पिठलं, पण मेस बंद होत नाही. भाज्या महागल्या म्हणून मध्येच दर वाढवलेलेही मी बघितले नाहीत.

ऑर्डरचं सांगते. मे महिन्यात आमची व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा असते, रोज सकाळी साठ-सत्तर मुलं, आणि त्यांच्या नाश्त्याचं काम गेल्या उन्हाळ्यात मावशींना दिलं. पोहे, उप्पीट, शिरा, एक दिवस इडली, शेवटच्या दिवशी पुरी-भाजी. रोज साडेनऊला म्हणजे साडेनऊला डबे चर्चच्या दारात, एकदाही उशीर नाही. मुलांचं म्हणून तिखट जवळजवळ नाही, शेंगदाणे वेगळ्या पिशवीत कारण एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे मी एकदाच बोलले होते. बिल सांगितलं तेवढंच, आणि शेवटच्या दिवशी शिरा त्यांच्याकडून. चर्चच्या कमिटीत सुरुवातीला थोडी चर्चा झाली होती की आपल्यातल्याच कुणाला काम द्यावं, तेही बरोबर आहे, पण चव आणि वेळ बघितल्यावर सगळ्यांनी पुढच्या वर्षीही त्यांनाच सांगायचं ठरवलं.

जे बरं नाही तेही लिहिते, नाहीतर कुणी जाईल आणि मला बोल लावेल. रविवारी रात्री मेस बंद. आमच्या लोकांना हे अडचणीचं होतं कारण रविवारी दिवसभर काम, संध्याकाळी घरोघरची प्रार्थनासभा, आणि परत येईपर्यंत हात-पाय गळालेले असतात, तर त्या रात्रीची सोय स्वतः बघावी लागते. दुपारी दीड ते दोन फार गर्दी, चार टेबलांवर किती माणसं बसणार, उभं राहावं लागतं आणि मागचा माणूस ताटाकडं बघत असेल तर मला तरी घास उतरत नाही, साडेबाराला जा. हात धुवायची जागा बाहेर आहे, पावसात भिजायला होतं, तिथं एक पत्रा टाकायला हवा हे मी काकांना बोललेय. डबा लावला तर चपाती मिळते, भाकरी नाही, आणि गुरुवारी तीच ती बटाट्याची भाजी. डब्यापेक्षा जाऊन जेवणं कधीही चांगलं. आणि डायबेटिस असलेल्या आमच्या एका ताईंनी विचारलं होतं, आमटीत गूळ असतो, कमी करा म्हटलं तर एकत्र पातेल्यातनं वेगळं काढणं त्यांना जमत नाही, सुकी भाजी आणि भाकरीवर भागवावं लागतं.

दर म्हणाल तर सध्या महिन्याला दोन वेळचं साधारण बत्तीसशे, एक वेळचं सतराशे, मटणाचे दोन दिवस धरून नाही, त्याचे वेगळे पैसे खाल्ले तर द्यायचे. गावाला गेलात आणि सलग चार दिवसांच्या वर जेवला नाहीत तर तेवढे वजा होतात, फक्त आदल्या रात्री सांगून जायचं, मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवतात. नाताळात मी घरी गेले होते तेव्हाचे वजा केलेच, वर येताना करंज्या-चकल्यांचा डबा आणला तर तो रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात गूळ घालून पाठवला, आईनं नगरला सगळ्या गल्लीला चाखवला. पैसे रोख किंवा फोनवर, दोन्ही चालतं. ॲडव्हान्स अर्धा घेतात आणि व्हॉलंटियरचं मानधन महिन्याच्या दहा तारखेनंतर येतं हे त्यांना आता माहीत झालंय, त्याआधी मागत नाहीत.

यायचं असेल तर एक करा, जूनमध्ये कॉलेजं आणि क्लास सुरू झाले की जागा भरतात आणि मग मावशी नवीन माणूस घेत नाहीत, आहे त्यांनाच नीट पुरत नाही म्हणून. त्यामुळं मेच्या शेवटीच इथल्या मंडळीतल्या कुणाला तरी पाठवून नाव सांगून ठेवा, आणि पथ्य असेल, उपवास असेल, काही सोसत नसेल तर ते पहिल्याच दिवशी बोला.